कानस फिरवूनही स्कीला धार येत नसेल तर

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. रात्री तासभर बसून कानस चालवली, बोट लावलं तर कड चरचरीत लागत होती, सकाळच्या पहिल्या दोन उतरणींत स्कीने बर्फ छान धरला. दुपार व्हायच्या आत पुन्हा तेच. कडक, निळसर बर्फाचा पट्टा आला की वळणाच्या मध्यावर स्की शेपटीकडून सटकते आणि आपण वळायचं सोडून आडवे घरंगळतो. रात्री परत कानस, परत तासभर.

मी दोन हिवाळे हेच केलं. कानस बदलली, गाइड (कानस ठरावीक कोनात धरून ठेवणारा साचा) बदललं, शेवटी स्कीलाच नावं ठेवली. दोष स्कीचा नव्हता आणि कानशीचाही नव्हता. माझी कानस धारेपर्यंत पोचतच नव्हती. तेव्हापासून कुणी ‘धार टिकत नाही’ म्हणालं की मी आधी विचारतो, ‘पण लागली होती का?’

कड वेगळी, धार वेगळी

स्कीच्या तळाला दोन्ही बाजूंनी जी पोलादी पट्टी असते ती कड. साधारण २ मिलिमीटर रुंद, जवळपास तेवढीच उंच. तिची दोन अंगं आपल्या कामाची: एक तळाकडचं, बर्फावर टेकणारं, आणि दुसरं बाजूचं. ही दोन जिथे भेटतात ती रेघ म्हणजे धार. बोथट झाली म्हणजे ही रेघ गोल झाली. ती पुन्हा टोकदार करायची तर एका अंगावरून सगळा गोलवा संपेपर्यंत पोलाद उतरवावं लागतं. अर्ध्यावर थांबलात तर कड चकचकीत दिसते, हाताला खरखरीत लागते, आणि धार मात्र नसते. फसगत होते ती इथेच.

आता कोनांचं. तळाकडच्या अंगाला बहुधा अर्धा ते एक अंश उतार देतात आणि बाजूच्या अंगाला एक ते तीन. गाइडवर ८८ छापलेलं असेल तर तो बाजूचा २ अंशांचा उतार, ८७ असेल तर ३ अंशांचा. धारेचा खरा कोन काढायचा तर ९० मध्ये तळाचा उतार मिळवायचा आणि बाजूचा वजा करायचा: तळाला १, बाजूला २, म्हणजे ८९. दोन मिलिमीटर रुंदीवर एक अंश म्हणजे जेमतेम ०.०३५ मिलिमीटर, साध्या कागदाच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा. ‘मला अंदाज आहे, मी गाइडशिवाय हातानेच लावतो’ म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो आणि गप्प बसतो.

या हिशेबातून घरच्या कामाचा एक नियम निघतो. बाजूच्या अंगावर कानस चालवा, तळाकडच्या अंगावर नको. बाजूने कितीही वेळा घासलं तरी गाइड तोच कोन राखतं. पोलाद कमी होतं एवढंच. तळाकडून मात्र दर वेळी ‘जरासं’ घासत गेलं की उतार वाढत जातो, आणि तो कमी करायचा तर अख्खा तळ यंत्रावर दगडाने घासून सपाट करून घ्यावा लागतो. ते घरचं काम नाही.

आधी मार्कर, मग कानस

स्की कुशीवर, म्हणजे बाजूची कड वर येईल अशी, व्हाइसमध्ये पक्की धरा. बाइंडिंगला, म्हणजे बूट अडकवायच्या पकडीला, असलेल्या ब्रेकचे दोन्ही पाय जाड रबरी पट्ट्याने वर ओढून बांधा, नाहीतर गाइड दर फेऱ्याला तिथेच अडकतं. हातमोजे घाला. बोथट स्कीही बोट कापते, हे मला माझ्या उजव्या अंगठ्याने शिकवलं आहे.

पक्क्या शाईच्या मार्करने कडेचं बाजूचं अंग हातभर लांबी रंगवा. गाइड तळाला घट्ट टेकवा आणि कानशीचा एकच हलका फेरा द्या. मग दिवा खाली आणा, कडेच्या रेषेत डोळा लावा आणि शाई कुठे उरली ते बघा.

शाई पूर्ण पुसली गेली, अगदी तळाकडच्या काठापर्यंत, तर कोन जुळला आहे. पुढे चला.

तळाच्या काठाला केसाएवढी बारीक काळी रेघ उरली आणि बाकी पोलाद चमकलं, तर तो धारेचा गोलवा. कोन बरोबर आहे, काम अपुरं आहे. ती रेघ जाईपर्यंत फेरे देत राहा. पुन्हा रंगवा, पुन्हा एक फेरा, पुन्हा बघा.

तळाकडे रेघ नाही, चांगला रुंद काळा पट्टा उरला, तर तुमचं गाइड आधीच्या कोनापेक्षा जास्त उताराचं आहे. म्हणजे आधी कुणीतरी ८९ ने लावली असेल आणि तुम्ही ८७ चालवताय. कानस साइडवॉलकडचं, म्हणजे कडेवरच्या प्लास्टिकच्या भिंतीकडचं, पोलाद खातेय, धारेला शिवतही नाही. यात दोन पर्याय: पूर्वीचाच कोन ठेवा, किंवा चिकाटी धरून नवा कोन काठापर्यंत नेऊन पोचवा. मधे सोडू नका. माझ्या माहितीतल्या निम्म्याहून अधिक ‘दिवसभरात बोथट’ स्क्या अशा मधेच सोडलेल्या असतात.

उलट, काठाकडची शाई गेली आणि साइडवॉलकडची राहिली, तर गाइड कमी उताराचं आहे. धार येईल, पण आधीपेक्षा भोंगळ कोनाची. एवढं बिघडत नाही.

आणि शाई जशीच्या तशी? मग कानशीखाली पाहा. काळा किंवा रंगीत भुगा पडलाय का?

माझी भानगड इथे होती

कडेला लागून वर जी प्लास्टिकची भिंत असते, साइडवॉल, ती कारखान्यातून बऱ्याचदा पोलादाच्या बरोबरीने सपाट येते. पहिल्यांदा धार लावताना कानस दोन्हींवर बसते आणि सगळं ठीक वाटतं. दर वेळी कड किंचित आत सरकते. प्लास्टिक मात्र कानशीच्या दातांत चिकट भुग्यासारखं भरून बसतं आणि नीट कापलं जात नाही. दोन-चार वेळा धार लावून झाली की कानस प्लास्टिकवर टेकते आणि पोलादावरून तरंगत जाते. आपण जोर लावतो, गाइड वाकडं होतं, शाई हलत नाही.

मला हे कळायला एक फुसका पुरावा पुरला. रात्री काम झाल्यावर फडक्यावरचा कीस झटकत होतो. पोलादाचा कीस राखाडी असतो, चुंबकाला चिकटतो. मी सहज चुंबक फिरवला आणि अर्ध्याहून जास्त कीस फडक्यावरच राहिला. तासभर मी प्लास्टिक घासत होतो.

उपाय: साइडवॉल मागे हटवायची. त्यासाठी छोटा रंधा मिळतो. तो कडेच्या कोनापेक्षा जास्त, ५ ते ७ अंशांवर लावायचा आणि फक्त प्लास्टिकवर चालवायचा, पोलादाला लागू द्यायचा नाही. टोकापासून शेपटीपर्यंत एका सलग ओढीत. मधे थांबलात तर तिथे खाच पडते. नीट चाललं तर सुताराच्या रंध्यातून निघावी तशी लांब गुंडाळी निघते. तुकडे-तुकडे पडत असतील तर पातं बोथट आहे किंवा तुम्ही फार खोल घेताय. हंगामात एक-दोनदा हे केलं की पुरतं. काही स्क्यांना वेगळी साइडवॉल नसते, वरचं आवरणच वळवून कडेपर्यंत आणलेलं असतं. तिथे थोडं जपून, पण करावं लागतंच.

कानस मधेच किंचाळते

सरळ कापत चाललेली कानस एखाद्या जागी एकदम ‘चीं’ करून घसरते, आणि तिथे कडेवर एखादा चकचकीत डाग दिसतो. तिथे दगड लागलेला असतो. दगडाच्या घर्षणाने पोलादाचा तेवढा बिंदू क्षणात तापतो आणि बर्फात लगेच विझतो. लोहार पाणी देतो तसंच, फक्त नको तिथे. तो बिंदू आता कानशीइतका किंवा तिच्याहून कठीण. तिथे जोर लावला तर कानशीचेच दात मोडतात, आणि मग ती कानस सगळीकडे ओरखडे काढते.

तेवढ्या जागेवर आधी भरड डायमंड स्टोन (हिऱ्याच्या कणांची घासपट्टी; नंबर जितका मोठा तितकी बारीक) चालवा, १०० किंवा २०० नंबरचा, पाण्याने ओला करून. डाग गेला आणि स्टोन आजूबाजूसारखाच सरकायला लागला की मग कानस. मी तर प्रत्येक वेळी कानशीआधी पूर्ण लांबीवर भरड डायमंडचे दोन फेरे देतो. दोन मिनिटांचं काम, कानस दुप्पट टिकते असा माझा अनुभव आहे.

कानशीची काळजीही इथेच उरकून टाकतो. तिचे दात एकाच दिशेने कापतात, परत येताना उचलायची. चार-पाच फेऱ्यांनी तारेच्या ब्रशने झाडायची. दातांत कीस अडकून बसत असेल तर आधी खडू घासून घ्यायचा. जोर नको, दात धारदार असतील तर हाताच्या वजनाने कापतात.

सकाळी छान, दुपारी बोथट: बर

शाईची परीक्षा पास झाली, तरी धार अर्ध्या दिवसात गेली, तर संशय बरवर घ्यायचा. बाजूच्या अंगावर कानस चालली की पोलादाचा एक अतिबारीक पापुद्रा काठावरून तळाच्या बाजूला लोंबतो. हाच बर. बोट लावलं तर तो भलताच तीक्ष्ण लागतो, म्हणून माणूस खूश होऊन कानस ठेवून देतो. पहिल्या काही वळणांत तो खरोखर कापतोही. मग वाकतो, धारेवरच दुमडतो, किंवा तुटून मागे फाटकातुटका काठ ठेवतो. धार गेली असं आपण म्हणतो; खरं तर ती पापुद्र्याखाली कधी उघडी पडलीच नव्हती.

बर आहे का हे बघायला कापसाचा बोळा तळाकडून काठाबाहेर ओढा. तंतू अडकून राहिले तिथे बर आहे. नंतर नखाची परीक्षा: नखाचा पृष्ठभाग धारेवरून आडवा हलकेच ओढला तर पांढरा भुगा निघायला हवा. बर असलेली कडही नख खरवडते, म्हणून कापूस आधी, नख नंतर. हा क्रम उलटला की परीक्षेला अर्थ नाही.

काढायचा कसा? बारीक डायमंड, ४०० किंवा ६०० चा, तळाकडच्या अंगावर, तळाच्या उताराच्या गाइडमध्ये बसवून, पाण्यासकट, अगदी हलक्या हाताने दोन-तीन फेरे. इथे पोलाद उतरवायचं नाही, लोंबणारा पापुद्रा फक्त खुडायचा आहे. तो मग बाजूच्या अंगाकडे वळतो. तिथे पुन्हा बारीक स्टोन. असं आलटून पालटून, दर वेळी आणखी हलकं, कापूस मोकळा सरकेपर्यंत. कानशीनंतर बाजूला २००, मग ४००, मग ६०० असं चढत गेलं की बर मुळातच कमी उरतो आणि काठ गुळगुळीत होतो. गुळगुळीत काठ जास्त टिकतो, कारण कानशीच्या ओरखड्यांचे बारीक दातरे मोडायला शिल्लक राहत नाहीत.

या कामात चुकून सगळ्यात जास्त नुकसान करतो तो रबरी दगड. बर काढायला तो चांगला, पण गाइडशिवाय ४५ अंशांत धरून धारेवर फिरवला की तासाभराची मेहनत एका फेऱ्यात गोल होते. हे मी एकदा अख्ख्या जोडीवर केलं आहे, मन लावून.

शाई टप्प्याटप्प्याने जाते

एका वितीत शाई गेली, पुढच्या वितीत राहिली, पुन्हा गेली. यात पहिला संशय कचऱ्याचा. गाइडची तळावरची बैठक दोन-सव्वादोन सेंटीमीटरची असेल आणि तिच्या एका काठाखाली ०.२ मिलिमीटर मेणाचा थर किंवा कीस आला, तर कोन अर्ध्या अंशाने बदलतो. दर दोन-तीन फेऱ्यांनी तळ आणि गाइड दोन्ही पुसा. तळावर जुनं मेण असेल तर आधी खरवडून काढा. तोच कीस गाइडखाली ओढला जाऊन तळावर लांब ओरखडेही काढतो.

कचरा नसेल तर तळच सपाट नसेल. सरळ पोलादी पट्टी तळाच्या रुंदीवर आडवी, तिच्या काठावर उभी धरा आणि मागून उजेड पाडा. दोन्ही टोकांना, फक्त कडेच्या रुंदीपुरती उजेडाची बारीक फट दिसली तर तो उतार, दिसायलाच हवा. मधोमध उजेड आला तर तळ खोलगट आहे आणि कडा उंच. कडेच्या बऱ्याच आतपासून उजेड सुरू झाला तर तळ फुगीर. फुगीर तळावर गाइड डुलतं, म्हणून शाई टप्प्यांत जाते. बर्फावरही अशी स्की पोहते: थोडी कलवली तर धरतच नाही, खूप कलवली की एकदम धरते. कडेच्या तळाकडचा उतार वाढला असेल तरी हुबेहूब हेच लक्षण. दोन्ही बाबतींत घरी कानस फिरवून काही साधत नाही. तळ यंत्रावर सपाट करून, उतार नव्याने पाडून आणा आणि मग फक्त बाजूचं अंग सांभाळा.

आणि स्की जास्तच पकडत असेल तर

ही उलटी तक्रार. वळण संपवायला गेलं की स्की सोडत नाही, एका बाजूला खेचते. यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘टोकं बोथट करा’. इतक्या लवकर नको. आधी कापूस फिरवून बर आहे का ते बघा, मग पट्टी लावून तळ खोलगट नाही ना ते बघा. खोलगट तळाची स्की रुळावर चालल्यासारखी वागते. टोकं बोथट करून ती सुधारत नाही. दोन्ही ठीक असेल तरच टोकाकडे आणि शेपटीकडे, जिथे स्की सपाट जमिनीवरून उचलली जाते त्याच्या पुढचा तुकडा, रबरी दगडाने हलका मऊ करा. थोडं करा, चालवून बघा. बोथट करायला सेकंद लागतो.

टिकवण्याचं

यंत्राने पाडलेला कृत्रिम बर्फ आणि कडाक्याच्या थंडीतला बर्फ धार लवकर खातो, त्याला इलाज नाही. पण निम्मी धार बर्फाबाहेरच जाते. दोन स्क्या तळाला तळ लावून, मधे काही न घालता वाहून नेल्या की चार कडा एकमेकींवर घासतात. मधे पट्टा किंवा नमद्याचा तुकडा हवा. संध्याकाळी ओल्या स्क्या पिशवीत कोंबल्या की सकाळी कडेवर तांबूस गंज. तो पुसून जातो खरा, पण त्याने आधी खाल्लेली असते ती धारच. घरात शिरताच फडक्याने कोरड्या करा. हंगाम संपला की गरम मेणाचा थर तळावरून कडांवरही ओघळू द्या आणि न खरवडता तसाच ठेवा.

दिवसभराच्या वापरानंतर बाजूच्या अंगावर ४०० आणि ६०० चे तीन-चार ओले फेरे, गाइडमध्ये. बस्स. कानस तेव्हाच, जेव्हा डायमंडने नखावर भुगा निघत नाही. कानस दर वेळी पोलाद खाते आणि कड मुळातच दोन मिलिमीटर. मेण लावायचं असेल तर धार आधी, मेण नंतर. उलट केलंत तर सगळा कीस मेणात रुतून बसतो.

शिवाय स्कीवर डावी-उजवी असं ठरलेलं नसेल तर दोन्ही पायांच्या स्क्या मधून मधून बदला. वळताना सगळा भार आतल्या कडांवर येतो आणि त्याच आधी झिजतात. बाइंडिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा, नाहीतर काल कुठली कुठे होती हे सकाळी कुणाला आठवत नाही.

एकच प्रकार असा की तिथे मार्करही काढू नका. कड तळापासून सुटून बाहेर आली असेल, किंवा तिच्यात आडवी चीर गेली असेल आणि दाबल्यावर पाण्याचा थेंब बाहेर येत असेल, तर पाणी आतल्या थरांत शिरलं आहे. ती स्की कोरडी होऊ द्या आणि कारागिराकडे न्या. धार लावायला बसलात तर कानशीच्या पहिल्याच फेऱ्याला कड आणखी बाहेर खेचली जाईल.